दोन गाड्यांच्या जागी एक इलेक्ट्रिक पिकअप: फॅमिली ट्रेलर ओढत असेल तर आधी हे करा

अमेरिकेत कॅम्पिंगचा किंवा बोटीचा नाद असलेल्या घरात गाड्यांची जोडी बहुतेक ठरलेली असते, एक छोटी सेडान रोजच्या ऑफिसला आणि एक जुनी दणकट एसयूव्ही नाहीतर गॅसवाला, म्हणजे पेट्रोलवर चालणारा ट्रक, जो वर्षातले मोजके वीकएंड ट्रेलर ओढतो आणि बाकी दिवस ड्राइव्हवेमध्ये उभा राहतो, इन्शुरन्स मात्र बारा महिने चालूच. या दोन्ही विकून एकच इलेक्ट्रिक पिकअप घेऊया हा विचार हल्ली बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो आणि तो चांगलाच विचार आहे, कितीतरी घरांना तो नीट जमतो. गडबड होते ती चुकीचा आकडा बघितल्यामुळे. जाहिरातीत ठळक लिहिलेलं असतं की हा ट्रक १०,००० पाउंड ओढतो, ११,००० ओढतो, आणि ते खोटं नसतं, पण तुमच्या घराला हा ट्रक पुरणार की नाही हे त्या आकड्यावरून कळतच नाही. ते कळतं दुसऱ्या दोन आकड्यांवरून, एक म्हणजे ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवरचा पेलोड (ट्रकने पाठीवर घ्यायचं कमाल वजन) आणि दुसरा ट्रेलर लावल्यावर उरणारी रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर). हे दोन्ही हिशोब डीलरकडे पाय ठेवायच्या आधी घरी बसून कागदावर करता येतात, म्हणून खाली तिथूनच सुरुवात करतोय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बॅटरीचं माप किलोवॅट-अवरमध्ये असतं, ते म्हणजे आपल्या लाईटबिलातलं एक युनिट. पुढे सगळीकडे युनिटच म्हणतो, सोपं जातं.

पहिलं काम: दोन गाड्यांची एक गाडी घराला जमते का

हे ट्रकबद्दल नाहीये, तुमच्या घराच्या वेळापत्रकाबद्दल आहे, आणि लोक हेच सोडून देतात. दोघंही ऑफिसला जात असाल तर दोन आठवड्यांचं कॅलेंडर काढा आणि त्यात कोणाला गाडी कधी, कुठे, किती वेळ लागली ते लिहा, मुलांची शाळा, क्लास, डॉक्टर, ग्रोसरी सगळं. जिथे एकाच वेळी दोघांना गाडी हवी होती तिथे गोल करा. आठवड्याला एखाददुसरा गोल असेल तर उबर, शेजाऱ्यांबरोबर कारपूल, ई-बाईक, कशावर तरी भागतं. रोज गोल असेल तर एका गाडीवर भागणार नाही, मग ट्रक कितीही आवडलेला असो.

त्यापेक्षाही खात्रीचा उपाय म्हणजे महिनाभर दुसरी गाडी वापरायचीच नाही, चावी कपाटात ठेवून द्यायची. विकायच्या आधी हा महिना काढून बघा. यात एक फायदा असा की ट्रेलर घेऊन जाता तेव्हा बहुतेक अख्खं घरच ट्रकमध्ये असतं, त्यामुळे त्या दिवशी मागे कोणी गाडीवाचून अडकत नाही. अडचण येते ती सर्व्हिसच्या दिवशी, तेव्हा सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे आणि ते तेवढ्यापुरती लोनर म्हणजे बदली गाडी देतात का हे आत्ताच विचारून ठेवा.

सीटा मोजा. बाजारातले इलेक्ट्रिक पिकअप म्हणजे फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग, रिव्हियन आर१टी, जीएमचा सिल्व्हराडो ईव्ही, टेस्लाचा सायबरट्रक, सगळ्यांमध्ये पाचच माणसं बसतात. मिनीव्हॅन विकून ट्रक घेणार असाल आणि उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा चार-पाच महिने येऊन राहत असतील तर घरची चार आणि ते दोघं म्हणजे सहा झाली, सहावं माणूस बसणार कुठे हा प्रश्न घेण्याआधी सोडवायचा आहे. कारसीटवाली मुलं असतील तर कारसीट घेऊनच डीलरकडे जा आणि तिथे स्वतः बसवून बघा, कारण पिकअपच्या मागच्या सीटला वरचा टेदर लावायची पद्धत वेगळी असते, बऱ्याच ट्रकमध्ये तो पट्टा सीटच्या पाठीमागच्या कापडी लूपमधून काढून शेजारच्या जागेच्या लूपला किंवा अँकरला अडकवावा लागतो, आणि तीन कारसीट शेजारी शेजारी बसवायच्या असतील तर हे प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि टेप घेऊन गॅरेज मोजा. एफ-१५० लाइटनिंगची लांबी २३२.७ इंच आहे, म्हणजे २० फुटी गॅरेजमध्ये मागेपुढे मिळून सातएक इंच उरतात, समोर शेल्फ असेल तर तेवढेही नाहीत. रिव्हियन बराच आखूड आहे, २१७ इंचांच्या आसपास. ट्रक बाहेरच उभा राहणार असेल तरी चार्जरची जागा त्याप्रमाणे ठरवावी लागते म्हणून हे मोजमाप लागतंच.

दुसरं काम: ट्रेलरचं खरं वजन

ट्रेलरच्या ब्रोशरवर जे ड्राय वेट छापलेलं असतं त्यावर विश्वास ठेवून काहीही ठरवू नका. त्यात पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत, अंथरूण-पांघरूण नाही, बहुतेक वेळा बॅटरी आणि प्रोपेनही नाही. एक गॅलन पाणी साधारण ८.३ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३० पाउंड झाले. कागदावर हिशोब करताना ट्रेलरवर लिहिलेलं जास्तीत जास्त वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, तेच धरा. ट्रेलर आधीच तुमच्याकडे असेल तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल म्हणजे गाड्यांचा वजनकाटा असतो तिथे सामान भरून नेऊन वजन करा, थोडक्या डॉलरमध्ये छापील स्लिप मिळते आणि वादच मिटतो.

मग येतं टंग वेट, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या हिचवर (ट्रकच्या मागचा ट्रेलर अडकवायचा जोड) जेवढा भार टाकतो तो. सामान्य ट्रेलरला हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. कमी ठेवला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो आणि हायवेवर तो प्रकार जीवघेणा आहे, म्हणून पेलोड वाचवायला सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ढकलायचं असलं काही करू नका.

तिसरं काम: दारातला स्टिकर

हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून थोडं सावकाश. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायर प्रेशर लिहिलेला एक पांढरा-पिवळा स्टिकर असतो आणि त्यावर एक वाक्य असतं की माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पाउंडांच्या वर जाता कामा नये. तोच त्या ट्रकचा पेलोड. त्या मॉडेलचा नाही, त्या एका ट्रकचा, कारण मोठी चाकं, काचेचं छत, वरची ट्रिम असं काहीही आलं की हा आकडा खाली येतो, एकाच मॉडेलच्या दोन ट्रकमध्ये काहीशे पाउंडांचा फरक सहज असतो. इलेक्ट्रिक ट्रकचं स्वतःचं वजनच जबर असतं, लाइटनिंग सहा हजार पाउंडांच्या वर आणि सिल्व्हराडो ईव्ही आठ हजारांच्या वर, त्यामुळे ओढायची ताकद भरपूर असूनही पाठीवर घ्यायची मुभा त्या मानाने कमी राहते. आणि टंग वेट हे पाठीवरचं वजन आहे, ते पेलोडमध्येच मोजायचं.

उदाहरण घेऊ. समजा स्टिकरवर १,७०० आहे आणि ट्रेलर भरून ६,००० पाउंडांचा. नवरा-बायको दोघं मिळून ३३०, दोन मुलं १२०, मागच्या बेडमध्ये, म्हणजे ट्रकच्या उघड्या हौद्यात, सायकली, कूलर, लाकडं, खुर्च्या मिळून २५०, हिचचा लोखंडी सांगाडा ९०, आणि टंग वेट साडेबारा टक्के धरलं तर ७५०. बेरीज १,५४०. बसलं, १६० पाउंड शिल्लक. आता पाचव्या सीटवर १४० पाउंडांची आजी बसली की उरले २०, आणि कोणीतरी बेडवर झाकण बसवून घेतलेलं असेल तर तेही संपले, आकडा पार. ओढायची मर्यादा १०,००० आहे, आपण फक्त ६,००० ओढतोय, तरी ट्रक भरला. डीलरचा सेल्समन हे सांगेलच असं नाही, बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं, म्हणून टेस्ट ड्राइव्हच्या आधी दार उघडून स्टिकरचा फोटो काढा. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून तो फोटो मागवून घ्या, तो दिला नाही तर पुढचा ट्रक बघा.

स्टिकरशेजारी मागच्या-पुढच्या ॲक्सलच्या मर्यादा पण असतात. टंग वेट बहुतांश मागच्या ॲक्सलवर येतं, ते पुढे वाटून घ्यायला वेट डिस्ट्रिब्युशन हिच मिळते, पण काही कंपन्या ठराविक वजनापुढे ती लावायलाच सांगतात आणि काहींचे नियम वेगळे आहेत, तर ज्या ट्रकवर नजर आहे त्याच्या मॅन्युअलमधलं टोइंगचं प्रकरण घ्यायच्या आधी वाचा. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट असतं.

ओढायच्या आकड्यातही बारीक अक्षरं आहेत. लाइटनिंगचे १०,००० पाउंड फक्त मोठी बॅटरी आणि मॅक्स ट्रेलर टो पॅकेज दोन्ही असेल तेव्हाच, लहान बॅटरी असेल तर पॅकेज असूनही ७,७००, आणि पॅकेजच नसेल तर ५,०००. वापरलेला ट्रक घेताना हे पॅकेज आहे का ते तपासलं नाही तर ६,००० चा ट्रेलर त्याला लावताच येणार नाही. रिव्हियन आर१टी आणि सायबरट्रक ११,००० पर्यंत, सिल्व्हराडो ईव्ही व्हर्जनप्रमाणे १०,००० ते १२,५००.

चौथं काम: अर्ध्या रेंजचा हिशोब

उंच चौकोनी कॅम्पर मागे लावला की रेंज साधारण निम्मी होते. गॅसच्या ट्रकचं मायलेजही असंच कोसळतं, फक्त तिथे पाच मिनिटांत टाकी भरते म्हणून कोणाला जाणवत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हायवेवर रेंज खातो तो मुख्यतः वारा. वजन निघताना आणि चढावर लागतं, उतारावर त्यातलं बरंचसं रीजनने (मोटरनेच ब्रेक लावून वीज बनवणं) परत बॅटरीत येतं, पण ट्रेलरच्या सपाट कपाळावर आदळणारा वारा काही परत देत नाही. त्यामुळे ५,००० पाउंडांची बुटकी बोट ओढणं ३,५०० पाउंडांच्या उंच कॅम्परपेक्षा सोपं जाऊ शकतं. ट्रेलर अजून घ्यायचा असेल तर वजनाइतकंच उंचीकडे आणि पुढच्या आकाराकडे बघा, छत वर उचलायचा पॉपअप किंवा थेंबाच्या आकाराचा बुटका टियरड्रॉप घेतला तर फरक मोठा पडतो.

कागदावर धरायला सोपा आकडा म्हणजे ट्रेलरशिवाय एका युनिटला दोन मैल आणि उंच कॅम्परसकट एका युनिटला एक मैल. लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटांची. घरून १०० टक्के भरून निघालात आणि १० टक्क्यांवर थांबलात तर पहिला टप्पा साधारण ११८ मैल. पुढचे टप्पे मात्र छोटे होतात, कारण फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग इतका मंदावतो की थांबणं परवडत नाही, म्हणजे ८० ते १० एवढीच बॅटरी वापरायची, ९० मैल. तर २५० मैलांवरच्या स्टेट पार्कला जायचं तर वाटेत दोन थांबे, प्रत्येक थांबा चार्जिंगचा पाऊण तास आणि ट्रेलर सोडायचा-जोडायचा वेळ वेगळा. सिल्व्हराडो ईव्हीची मोठी बॅटरी २०० युनिटांच्या वर आहे, तिला तोच टप्पा १४० मैलांच्या घरात जातो आणि चार्जिंगही जास्त जोरात घेते, म्हणून लांब जाणाऱ्यांचं लक्ष तिकडे जातं, पण ती महाग आणि अवजड आहे. थंडीत, उलट्या वाऱ्यात आणि डोंगरात या आकड्यांतून अजून वजा करा.

आता तुमच्या नेहमीच्या जागांची यादी करा आणि प्रत्येकीचं अंतर लिहा. घरापासून ५०-६० मैलांवर तलाव, शंभर मैलांवर कॅम्पग्राउंड आणि तिथे रात्रभर प्लग, असं असेल तर इलेक्ट्रिक पिकअपसारखी सुखाची गाडी नाही, जोर मजबूत, लाइटनिंगचा टॉर्क ७७५ पाउंड-फूट आहे, चढावर इंजिनचा आरडाओरडा नाही, उतारावर ब्रेक तापत नाहीत. पण दर सुट्टीत एका दिवसात ४०० मैल कॅम्पर ओढत जाणारं घर असेल तर माझं स्पष्ट मत आहे की आत्ता घेऊ नका, मुलं कंटाळतात, चालवणारा थकतो आणि ट्रिप चार्जर शोधण्यात जाते.

वेग हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा उपाय आहे. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ५५ वरून ६५ वर गेलात की तो जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढला. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना ५५ हीच कायद्याने कमाल मर्यादा आहे. आणि ट्रेलरचे बरेचसे टायरही ६५ पुरतेच बनवलेले असतात, त्यामुळे डाव्या लेनमध्ये जायचा मोह तसाही टाळलेला बरा.

पाचवं काम: वाटेतले चार्जर ट्रेलरच्या नजरेने बघणं

नकाशावर चार्जर दिसला म्हणजे ट्रेलरसकट तिथे जाता येतं असं नाही. बहुतेक चार्जिंगच्या जागा गाडी नाक घालून किंवा मागे घेऊन उभी करण्यासाठी आखलेल्या आहेत, गॅस पंपासारखं आरपार जाता येईल अशा जागा अजून कमीच. लाइटनिंग आणि रिव्हियनचा पोर्ट पुढे ड्रायव्हरच्या बाजूला आहे, त्यामुळे नाक घातलं की केबल पोचते पण ट्रेलरचं धूड मागे अख्खी लेन अडवतं. सिल्व्हराडो आणि सायबरट्रकचा पोर्ट मागच्या बाजूला, तिथे तर रिव्हर्स घ्यावं लागतं, ट्रेलर असताना ते शक्यच नाही. म्हणून प्लगशेअर या चार्जर शोधायच्या ॲपवर फोटो बघा, सॅटेलाइट नकाशावर पार्किंग लॉट बघा आणि ट्रेलर बाजूला सोडून ठेवायला मोकळी जागा आहे अशीच ठिकाणं निवडा, मोठ्या दुकानांच्या पार्किंगच्या टोकाला बहुधा मिळते. अ बेटर रूटप्लॅनर या ॲपमध्ये ट्रेलरसकटचा खप टाकून रूट काढता येतो. टेस्लाचे सुपरचार्जर फोर्डला फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडले, मार्चमध्ये रिव्हियनला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीएमला, पण योग्य अडॅप्टर लागतो आणि जुन्या ठिकाणच्या केबल आखूड असतात, एक जागा जास्त अडवून उभं राहावं लागतं, तर कडेची जागा मिळाली तर तीच घ्या.

ट्रेलर सोडायचा क्रम मात्र पाठ करून टाका. सपाट जागा बघायची, सगळ्यात आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावायची, मग पुढचा जॅक खाली टेकवायचा, मग सात पिनांची वायर, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि साखळ्या काढायच्या, मग कपलरची, म्हणजे हिचच्या गोळ्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकाची खिट्टी उघडायची आणि जॅकने दांडा त्या गोळ्याच्या (बॉलच्या) वर उचलायचा, आणि ट्रक पुढे घ्यायच्या आधी एकदा वाकून काही अडकलेलं नाही ना ते बघायचं. जोडताना उलट क्रम, साखळ्या खालून एकमेकींना क्रॉस करून लावायच्या म्हणजे कपलर निसटलाच तर दांडा त्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही. आणि खिट्टी बसल्यावर जॅकने किंचित वर उचलून बघा, ट्रकची मागची बाजू बरोबर उचलली गेली तर कपलर खरंच बसलाय. घाईत चार्जरवरून निघताना हीच गोष्ट राहून जाते, म्हणून कोणाशी गप्पा मारत मारत जोडू नका, मुलांनाही तेवढा वेळ लांब बसवा.

कॅम्पग्राउंडचा प्लग, आणि ३० अँपचं गौडबंगाल

बुकिंग करताना ५० अँपची साइट मागा. त्या खांबावर जो मोठा सॉकेट असतो तो १४-५० प्रकारचा, तिथे २४० व्होल्ट मिळतात, ट्रकच्या पोर्टेबल केबलने ३२ अँपवर साधारण ७.७ किलोवॅट, म्हणजे तासाला तेवढी युनिटं, झोपून उठेपर्यंत सत्तरेक युनिटं आत. ३० अँपची साइट ऐकायला फार कमी वाटत नाही पण तो सॉकेट १२० व्होल्टचा असतो, त्यातून जेमतेम २.९ किलोवॅट मिळतात आणि तोच सॉकेट कॅम्परच्या एसीलाही हवा असतो. खांबावर दोन्ही सॉकेट असतील तर कॅम्पर ३० वर आणि ट्रक ५० वर लावता येतो, पण आधी ऑफिसमध्ये विचारा, काही ठिकाणी गाडी चार्ज करायला मनाई असते, काही ठिकाणी वेगळे पैसे असतात, आणि जुन्या वायरिंगवर सगळ्यांचे एसी चालू असताना पूर्ण जोर लावला तर ब्रेकर उडतो. ट्रकमध्ये अँप कमी करायची सोय असेल तर संध्याकाळी कमी ठेवा आणि रात्री वाढवा. न विचारता लावू नका, एवढंच सांगणं आहे, आपल्यामागून येणाऱ्या इलेक्ट्रिकवाल्यांची वाट बंद होते.

घरचा चार्जर

साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर रात्री १० तासांत १४ युनिटं जातात, म्हणजे २८ मैल. घरून काम करत असाल तर रोजचं भागतं पण शुक्रवारी ट्रेलर लावायचा आणि बॅटरी ४० टक्के, असं झालं की ट्रिप गेली, म्हणून ट्रेलरवाल्यांना २४० व्होल्टचा लेव्हल टू चार्जर हवाच. सलग चालणाऱ्या लोडला सर्किटच्या ८० टक्केच करंट वापरायचा असा नियम आहे, त्यामुळे ६० अँपच्या सर्किटवर ४८ अँप म्हणजे ११.५ किलोवॅट, ५० च्या सर्किटवर ४० अँप म्हणजे ९.६. मोठी बॅटरी रिकामीपासून भरायला यात बारा तासांच्या आसपास लागतात, पण रोज कोणी रिकामी करत नाही. घराचं पॅनेल १०० अँपचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधी लोडचा हिशोब करून घ्या, पॅनेल बदलायचा खर्च निघू शकतो, किंवा बाकी लोड बघून चार्जिंग कमी-जास्त करणारं लोड मॅनेजमेंट बसवूनही भागतं. लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन आणि सिटीचं परमिट, यात पैसे वाचवू नका. घरच्या चार्जरवरचं फेडरल टॅक्स क्रेडिट ३० जून २०२६ पर्यंत बसवलेल्यांनाच आहे आणि तेही ठराविक भागांतच.

पैशाचा खरा हिशोब

गाडीवरचं ७,५०० डॉलरचं फेडरल क्रेडिट ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना बंद झालं, वापरलेल्या गाड्यांचंही त्याबरोबरच गेलं, तेव्हा जुने लेख वाचून ते धरून बसू नका. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डनेही जाहीर केलं की लाइटनिंग आहे त्या रूपात बंद करून पुढचा ट्रक रेंज वाढवणाऱ्या इंजिनसकट आणणार, त्यामुळे लाइटनिंग हवा असेल तर बहुतेक वापरलेल्यांकडेच बघावं लागणार. फोर्डची बॅटरी वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख मैल आहे, ती किती उरलीये ते बघा, बॅटरी मोठी की लहान आणि टो पॅकेज आहे का हे व्हीआयएनवरून (गाडीचा ओळख क्रमांक) काढा आणि एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉल तपासा.

रोजच्या वापरात बचत खरी आहे. वर्षाला १२,००० मैल, एका युनिटला दोन मैल आणि युनिट १६ सेंट धरलं तर विजेचे ९६० डॉलर. गॅलनला २२ मैल देणारी गॅसवाली गाडी, सव्वातीन डॉलर गॅलन, तर १,७७० च्या पुढे. शिवाय एक इन्शुरन्स आणि एक रजिस्ट्रेशन कमी. उलट बाजूला ट्रकचा इन्शुरन्स जास्त, अवजड गाडीचे टायर महाग, आणि बऱ्याच राज्यांत इलेक्ट्रिकला वेगळी फी आहे, टेक्ससमध्ये वर्षाला २०० डॉलर आणि नव्या गाडीला सुरुवातीलाच ४००.

पण ट्रेलर लावून हायवेच्या फास्ट चार्जरवर भरलं तर चित्र उलटं होतं. युनिट ५० सेंट आणि युनिटला एक मैल म्हणजे मैलाला ५० सेंट, त्याच ट्रेलरला १० मायलेज देणारा गॅसचा ट्रक मैलाला साडेबत्तीस सेंटमध्ये जातो. म्हणजे तुमचे पैसे वाचतात ते रोजच्या दिवसांत, ट्रेलरच्या दिवसांत नाही, आणि रोजचे मैल कमी असतील तर वाचायला फारसं काही उरतही नाही. या हिशोबात स्वतःचे आकडे घाला, वीज बिलातला युनिटचा दर आणि दोन्ही गाड्यांचे वर्षाचे मैल, अर्ध्या तासात उत्तर मिळतं.

घेतल्यानंतर

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ट्रकमधला ब्रेक कंट्रोलर सेट करायचा असतो, रिकाम्या पार्किंगमध्ये हळू वेगात गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवत न्या, चाकं लॉक व्हायला लागली की थोडं खाली. बऱ्याच राज्यांत ३,००० पाउंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचेच आहेत, तुमच्या राज्याचा आकडा डीएमव्हीच्या (राज्याचं गाड्यांचं खातं) साइटवर बघून घ्या. मग सगळं घर आणि सामान घालून कॅट स्केलवर जा, एकदा ट्रेलरसकट आणि एकदा ट्रेलर सोडून फक्त ट्रक. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेत जो फरक पडला ते तुमचं खरं टंग वेट. घरी केलेली बेरीज आणि स्लिप शेजारी ठेवून बघा, आणि ट्रकच्या स्क्रीनवर ट्रेलरचं प्रोफाइल करायला सांगतात ते करा, त्याने रेंजचा अंदाज लवकर सुधारतो.

पहिली ट्रिप जवळची ठेवा, १०० टक्के भरून, जाऊन-येऊन चार्जरची गरजच पडणार नाही इतकी, आणि निघताना ट्रिप मीटर शून्य करा. तिथे पोचल्यावर युनिटला किती मैल पडले ते वहीत लिहा, कुठल्या वेगाने आणि वारा कसा होता तेही. पुढच्या लांब ट्रिपच्या हिशोबात माझा एक मैलाचा आकडा खोडून तिथे हा घाला.

आणि ही ट्रिप होईपर्यंत दुसरी गाडी विकू नका. एक महिना कपाटातल्या चावीने निघाला, वजनाची स्लिप मर्यादेत आली आणि पहिली ट्रिप नीट झाली की मगच गिऱ्हाईक बघा. विकताना टायटलवर (गाडीच्या मालकीचा कागद) सही झाली की त्याच दिवशी डीएमव्हीला गाडी विकल्याचं कळवा, नंबर प्लेटचं तुमच्या राज्यात काय करायचं असतं ते बघा, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी इन्शुरन्सला फोन करून त्या गाडीचं नाव पॉलिसीतून काढायला सांगा.